आठ महिन्यांची ओहोटी

सकाळचे सात वाजत आले होते. दुबईत, अल कुसैसमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ओल्गा तुस्कानो मुलीच्या डब्यात ऑम्लेट-पाव कोंबत होती. एक डोळा चहाकडे, दुसरा नवऱ्याकडे. फ्रँक जेवणाच्या टेबलावर महिन्याला एक अशी बारा लांबट रजिस्टरं मांडून बसला होता. वर्षभर खाडीवरच्या खाऱ्या हवेत राहिलेली ती रजिस्टरं. पान उलटलं की शिवणीतून बारीक मीठ गळायचं आणि टेबलाच्या काचेवर त्याची पांढरी रेघ उमटायची.

"फ्रँक, ते दुकान आवर. मला टेबल पुसायचंय."

"पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मी सतरा वर्षं बघतेय."

"मम्मा, नॉट इन द मॉर्निंग, प्लीज," बेव्हर्ली बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, यंदा दहावी.

ओल्गाने फडकं आपटलं. रजिस्टरांचे दोन गठ्ठे केलेले तिला दिसले. एकात आठ, दुसऱ्यात चार. तीन दिवस हा माणूस हे असंच मांडत होता, पुन्हा मोडत होता, आणि विचारलं की "काही नाही" म्हणत होता. खाडीवरचं रिसर्च स्टेशन बंद झालं, सगळे गेले, आता कसली झटापट चाललीय त्या आकड्यांशी?

तेवढ्यात दार वाजलं. बेल चालू होती, तरी मुठीने, तीनदा.

दोन हजार नऊच्या त्या मंदीतल्या मे महिन्यात बिल्डिंगमध्ये कुणाचंही दार असं ठोकलं की शेजारचे आवाज आपोआप बंद व्हायचे. वरच्या मजल्यावरचं सिंधी कुटुंब महिन्याभरापूर्वी गेलं. समोरच्या शहनाझने पडदे काढून नेले, दांड्या तशाच ठेवल्या. मुठीने ठोकणारा कुणीतरी काहीतरी न्यायला आलेला असतो, हे ओल्गाला आता शिकवायला नको होतं.

दारात शैलेंद्र होता. फ्रँकच्या कंपनीचा ॲडमिन ऑफिसर, ठाण्याचा, चाळिशीच्या आतला. त्याची बायको बाळंतपणाला गेली होती तेव्हा याच टेबलावर बसून त्याने ओल्गाच्या हातचं बोंबलाचं कालवण तीनदा वाढून घेतलं होतं. आज तो बुटांसकट आत आला.

"गुड मॉर्निंग, वहिनी. फ्रँक, रजिस्टरं तयार आहेत ना? छान. खाली गाडी उभी आहे, पटकन आटपू."

"फोन केला असता तर," फ्रँक म्हणाला.

"केला असता तर तुम्ही उचलला असता?"

बेव्हर्ली दप्तर घेऊन दोघांच्या मधून निघून गेली. "बाय, डॅडा," एवढंच म्हणाली. ओल्गाने सवयीने तिसरा कप भरला आणि शैलेंद्रपुढे ठेवला. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा, मग तो कसाही असो, एवढी वसईची रीत तिच्या हातात मुरलेली होती.

शैलेंद्रने बॅगेतून निळ्या कव्हरचा जाड रिपोर्ट काढला, शेवटचं पान उघडलं आणि त्याच्या शेजारी एक बंद पाकीट ठेवलं. पाकिटावर बोट ठेवून म्हणाला, "ही तुमची एनओसी. ही मिळाली की शारजाच्या त्या शाळेत लॅब असिस्टंट म्हणून एक जूनला जॉइन व्हा, व्हिसा बदला, खलास. आणि इथे सही." बोट रिपोर्टकडे सरकलं. "फील्ड ऑफिसरचं डिक्लरेशन. एक सही. कंपनी आपल्या माणसाला विसरत नाही."

ओल्गाचा जीव त्या पाकिटात होता. ते मिळालं नाही तर सहा महिने दुसरी नोकरी नाही, म्हणजे गाशा गुंडाळून वसई. आणि बेव्हर्लीचं बोर्डाचं वर्ष अर्ध्यात तुटलेलं. तिने पेन शोधायला मानही वळवली.

फ्रँक मात्र चष्मा लावून ते पान वाचत होता. वाचून झालं, तेव्हा त्याने चष्मा काढला.

"मी याच्यावर सही करू शकत नाही."

"का?" शैलेंद्र आणि ओल्गा एकदमच म्हणाले.

"कारण यात लिहिलंय की सगळी मोजणी ओहोटीला झाली. नाही झाली."

*

फ्रँकची नोकरी पक्षी मोजायची होती. आधी कुणाला सांगितलं की लोक हसायचे. ओल्गाची बहीण तर वसईहून फोनवर म्हणाली होती, "दुबईला जाऊन कावळे मोजतो? ते तर आमच्याकडे फुकट आहेत." पण दोन हजार आठच्या सुरुवातीला इकडे कशालाही नोकऱ्या होत्या. रास अल खैमाच्या अलीकडे, उत्तरेच्या किनाऱ्यावर एक खाडी होती. ती बुजवून तिथे व्हिला, हॉटेल आणि बोटी लावायचा धक्का करायचा कुणाचा तरी बेत होता. बुजवण्याआधी तिथे काय काय जगतं याचा रिपोर्ट लागायचा. तो करायचं काम या कंपनीकडे आलं, आणि कंपनीने खाडीपासून दोन किलोमीटर आत दोन पोर्टाकॅबिन, एक जनरेटर, हवा मोजायचा एक खांब आणि एक दुर्बीण उभी करून त्याला 'रिसर्च स्टेशन' नाव दिलं.

ओल्गा एकदाच तिथे गेली होती, जूनमध्ये, पिकनिक म्हणून. तसली पिकनिक तिने शत्रूलाही दिली नसती. रस्ता संपल्यावर पांढरी, सपाट, खारट जमीन. वरून पापडासारखी कडक, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. वारा होता, पण भट्टीचं दार उघडल्यावर येतो तसा. बेव्हर्लीला गाडीतच उलटी झाली. झाड नाही, माणूस नाही. पाण्याचा टँकर घेऊन आठवड्यातून दोनदा येणारा मोहिद्दीन नावाचा मलबारी, तेवढाच काय तो शेजार. आणि हा फ्रँक, एकावन्न वर्षांचा, पंधरा वर्षं सर्व्हेवाल्यांच्या काठ्या धरून वाकलेला माणूस, त्या खांबाशी उभा राहून पोरीला सांगत होता, "हे वाऱ्याचं, हे दमटपणाचं, हे डॅडा रोज तीनदा लिहितो." त्याच्या तोंडावर तिने लग्नानंतर प्रथमच तसला उजेड पाहिला, आणि तिला आधी त्याचाच राग आला. आठवड्यातले पाच दिवस तो तिकडे. इकडे गॅस, शाळा, ताप, सगळं ती एकटी.

तरी त्या नोकरीत तिचाही एक वाटा होता. फ्रिजशेजारी मराठी कॅलेंडर लटकलेलं होतं. मीना बाजारात देवळाच्या गल्लीतलं दुकान दरवर्षी ते मागवायचं. पंधरा दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपये, आणि वसईत हेच तीसला, असं ओल्गा दरवर्षी न चुकता म्हणायची आणि न चुकता घ्यायची. ख्रिस्ती घरात तिथ्यांचं कॅलेंडर कशाला, असं शेजारी विचारत. ते फ्रँकच्या बापाकडून आलं होतं. म्हातारा जन्मभर वसईच्या मिठागरात उघाडीवर होता. उघाडी म्हणजे मिठागराचं लाकडी दार. भरतीला ते उघडून समुद्र आत घ्यायचा आणि पाणी फिरायच्या आत बंद करायचं. त्याला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमी असली तर आठाचे सहा: सहाला भरती, बाराला ओहोटी. हे गणित फ्रँकने पाढ्यांच्या आधी पाठ केलेलं.

खाडीवरची पाणपाखरं ओहोटीला मोजायची असतात. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की ती खायला उतरतात, तेव्हाच सगळी एका जागी दिसतात. मग दर शनिवारी संध्याकाळी, फ्रँक निघायच्या आधी, या स्वयंपाकघरात ठरलेला कार्यक्रम असायचा. ओल्गा तिथ्या वाचायची. फ्रँक पाऊणपट करायचा, सहा तास पुढे जायचा, आणि मग शहाण्यासारखा दीड तास वजा करायचा, कारण इंडियात सहा म्हणजे इथे साडेचार. ओल्गा आपल्या वळणदार बी.ए.च्या अक्षरात आठवड्याच्या वेळा चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी डब्याच्या रबरात अडकवून द्यायची. ऑफिसमधले डॉक्टर, म्हणजे स्टेशनचे मुख्य शास्त्रज्ञ, महिन्यातून एकदा येत. ते या चिठ्ठीवर इतके खूश झाले की म्हणाले, भरती-ओहोटीचा सरकारी तक्ता बंदराचा असतो, फ्रँक, तुमचं हे ट्रॅडिशनल नॉलेज खाडीला जास्त जवळचं आहे. नोव्हेंबरात त्यांनाच कंपनीने काढलं. आठवड्यात फर्निचर विकून ते गेले. त्यानंतर फ्रँक एकटा मोजत राहिला, एप्रिलअखेर जनरेटर उचलून नेईपर्यंत.

*

"ओहोटीला नाही झाली म्हणजे?" ओल्गाने विचारलं. "मी वेळा लिहून दिल्या होत्या."

फ्रँक तिच्याकडे बघत नव्हता. तो टेबलावरचं मीठ बोटाने एका जागी गोळा करत होता.

"जानेवारीत पिकअप रुतली होती, आठवतं? मी म्हटलं, उशीर झाला, गाडी रुतली."

"मला आठवतंय, त्या दिवशी तू बेव्हर्लीच्या वाढदिवसाला पोचला नाहीस."

"तेव्हा. मोजणी करून निघालो होतो, सकाळी दहाला. छत्तीस पक्षी. परत फिरताना चाकं गेली खाली. मोहिद्दीनला फोन केला, तो म्हणाला, टँकर खाली करून येतो. मग मी तिथेच बसलो, पाण्याकडे तोंड करून. इतके महिने मी मोजून झालं की केबिनवर यायचो, खांबाची रीडिंग घ्यायची असायची. त्या दिवशी पहिल्यांदा थांबलो. दोनच्या सुमाराला पाणी सरकायला लागलं, ओल्गा. मला वाटलं, डोळे गेले. चारला सगळी खाडी उघडी. मैलभर चिखल. मोहिद्दीन आला, तर मी चिखलाकडे बघत उभा. तो म्हणाला, 'भाई, पानी तो रोज उतरता है, आप तो हमेशा भरे पानी में आते हो. मैं समझा आपका काम ही वैसा है.'"

शैलेंद्रने घड्याळ बघितलं. "फ्रँक, मला अकराला बर दुबईत मीटिंग आहे."

फ्रँक थांबला नाही. "वसईत पाणी उतरतं तेव्हा होड्या आडव्या पडतात. इथे भरती-ओहोटीत फरक तो किती, पुरुषभरही नाही. वीतभर पाणी दिसलं की मला वाटायचं, हीच इथली ओहोटी. हा समुद्रच आळशी. त्यात खाडीचं तोंड अरुंद, पाणी उशिरा शिरतं, उशिरा निघतं. आणि मी मुंबईच्या पाण्यातून दीड तास वजा करत होतो. समुद्र म्हणजे काय टीव्हीवरची सिरियल आहे, इंडियन टायमावर दीड तास कमी करायला?"

"मग पक्षी?" ओल्गा म्हणाली.

"मग ते आले. ते पांढरे-काळे, लांब पायांचे, फक्त खेकडे खाणारे. उत्तरेकडून थवेच्या थवे. दोन हजार सहाशे. तीनदा मोजले. आठ महिने मी तिथे चाळीस-पन्नास लिहीत होतो."

ओल्गाची नजर फ्रिजशेजारच्या कॅलेंडरकडे गेली. तिच्या हातच्या बत्तीस-तेहतीस चिठ्ठ्या, सुबक अक्षरात. शनिवारच्या त्या दहा मिनिटांत भांडण होत नसे, म्हणून तिला त्या आवडायच्या.

"आणि हे तू जानेवारीपासून पोटात ठेवून बसलास? पाच महिने? मला नाही, कुणालाच नाही?"

"डॉक्टर गेले होते. ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. चूक केली असं सांगणारा माणूस त्या दिवसांत दुसऱ्या दिवशी राहिला असता का? मी वेळा बदलल्या आणि पुढचं बरोबर मोजलं. वाटलं, चार महिन्यांचं खरं आहे, रिपोर्टात ते येईल, मागचं त्याखाली झाकलं जाईल." त्याने चारचा गठ्ठा पुढे ढकलला. "हे यात कुठेच नाही, शैलेंद्र. मी शोधलं. तुमच्या रिपोर्टात फक्त डिसेंबरपर्यंतचं आहे."

"कारण डेटा एकतीस डिसेंबरला फ्रीज झाला."

"कुणी ठरवलं?"

"मॅनेजमेंटने. फ्रँक, तुम्ही फील्ड ऑफिसर आहात, नोबेलवाले नाही." शैलेंद्र हसला. "प्रोजेक्ट दुसऱ्या पार्टीला विकायला काढलाय. त्यांना स्वच्छ रिपोर्ट हवा. सरासरी त्रेचाळीस पक्षी. त्रेचाळीस पक्ष्यांसाठी कुणी खाडी ठेवत नाही. आणि तुम्ही तिथे पोत्याने पक्षी ओतताय! आठ महिने पंचांग घेऊन चुकीच्या वेळी जाणाऱ्या माणसावर आता विश्वास कोण ठेवणार? आज खरं बोलताय कशावरून? उद्या म्हणाल, संकष्टी होती."

"संकष्टी आमच्यात नसते," ओल्गा म्हणाली.

"वहिनी, मी तुमच्या भल्यासाठी आलोय. नाहीतर हे कुरियरने झालं असतं."

ओल्गाला आणखी एक गोष्ट खटकली होती. दोन हजार सहाशे हा आकडा फ्रँकने उच्चारला तेव्हा तिचा स्वतःचा श्वास अडकला होता. शैलेंद्रची पापणीही हलली नव्हती. नवऱ्याने लपवलेलं तिला पाच महिने कळलं नाही, पण समोरच्या माणसाला आधी माहीत असलेली गोष्ट सांगितली की त्याचा चेहरा कसा राहतो, हे तिला चांगलं कळत होतं.

"शैलेंद्र, तुम्हाला हे माहीत होतं."

"काय?"

"आकडे दर आठवड्याला ऑफिसात जायचे. फ्रँक गुरुवारी याच टेबलावर बसून मेल करायचा. जानेवारीत चाळीसचे दोन हजार झाले. ऑफिसात कुणीच विचारलं नाही, असं मला सांगू नका."

शैलेंद्रने कपाला हात लावला, उचलला नाही. "विचारलं होतं ना. वर विचारलं. वरून उत्तर आलं, डिसेंबरला फ्रीज करा. मलाही घर आहे, वहिनी. माझा मुलगा केजीत आहे. कामावरून काढायच्या मार्चच्या लिस्टमध्ये माझं नाव होतं, मेच्या लिस्टमध्ये नाही. ते कशामुळे नाही, ते तुम्हाला सांगायची मला गरज नाही." मग आवाज पुन्हा कडक करून म्हणाला, "सही हवी. नाहीतर पाकीट परत जाईल, आणि बेव्हर्लीच्या शाळेत तुम्ही काय सांगायचं ते सांगा. यल्ला, फ्रँक, आटपा."

मुलीचं नाव त्याच्या तोंडून आलं, तशी ओल्गा उठली. तिने शैलेंद्रपुढचा भरलेला कप उचलला आणि सिंकमध्ये ओतला. नळ सोडून कप विसळला आणि पालथा घातला. तिच्या घरातून चहा न पिता कुणी गेलं नव्हतं. मग ती फ्रँककडे वळली. तिच्या आवाजात माया नव्हती.

"तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे. पुष्कळ बोलणार आहे. पण आधी सांग, याने हे पाकीट नेलं तर काय होईल?"

"एक जूनची नोकरी जाईल. आपण परत जाऊ. तिचं वर्ष..."

"आणि तू सही केलीस तर?"

"तर ती खाडी जाईल. माझ्या नावाने."

या माणसाच्या बापाने पन्नास वर्षं एक दार वेळेवर उघडलं आणि वेळेवर बंद केलं होतं. मिठागराचा मालक त्याला कधी विचारायला आला नाही, की आज बरोबर उघडलंस का. हे फ्रँकने लग्नाआधी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, दुसरं सांगण्यासारखं काही नसल्यासारखं. तिला तेव्हा तो बावळट वाटला होता. आताही वाटला.

फ्रिजच्या हँडलला दोऱ्याने एक बॉलपेन बांधलेलं होतं, चिठ्ठ्या लिहायचं. तिने हिसका देऊन दोरा तोडला आणि पेन टेबलावर, मिठाच्या ढिगाशेजारी ठेवलं.

"शहाण्या आहात, वहिनी," शैलेंद्र म्हणाला. "समजवा त्यांना."

"मी कुणाला समजवत नाहीये. पेन ठेवलंय."

फ्रँकने पेन उचललं. रिपोर्ट आपल्याकडे ओढला, डिक्लरेशनच्या पानावर तळहात ठेवून पान सपाट केलं. शैलेंद्रने पाकीट अर्धं पुढे सरकवलं, पण दोन बोटं त्यावर तशीच ठेवली.

"रजिस्टरं बाराही न्या," फ्रँक म्हणाला. "जानेवारीपासूनची छापा नाहीतर छापू नका, तो तुमचा धंदा. पाकीट द्यायचं की न्यायचं, तेही तुम्ही ठरवा. सही मी करतो. माझी एकच विनंती आहे, शैलेंद्र. सहीच्या वर मला माझ्या हाताने एक ओळ लिहू द्या, आणि ती खोडू नका: मे ते डिसेंबर दोन हजार आठची मोजणी ओहोटीला नाही, भरतीला झाली आहे, चूक माझी आहे."